वीस यू-पिनांची मुदत

आत्यांच्या टेबलाच्या उजव्या खणात खाकी पाकिटं असायची. प्रत्येक पाकिटावर एक फाइल क्रमांक आणि आत मोजून वीस यू-पिना. रोज सकाळी दहाला आत्या पिशवी खुंटीला अडकवायच्या, चष्मा पुसायच्या, खण उघडायच्या आणि प्रत्येक पाकिटातून एक पिन काढून पत्र्याच्या डबीत टाकायच्या. डबी वाजली की आमचा विभाग सुरू झाला असं समजायचं.

पहिल्या दिवशी ते पाहून मला वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. मी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कुणी मान वर केली नाही.

आमचा विभाग म्हणजे विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग. तळमजल्यावर, जिन्याखाली. एक खिडकी, तीन टेबलं आणि दारात पुठ्ठ्याची घडी कोंबल्याशिवाय बंद न होणारं एक कपाट. वर जिन्यावरून कुणी धावत गेलं की आमच्या डोक्यावर ढोल वाजायचा. साहेब आतल्या काचेच्या खोलीत बसायचे. ते भले गृहस्थ होते, फक्त फोन वाजला की दचकायचे.

आत्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. एकोणीस वर्षांपूर्वी खिडकीवर बसल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं असेल, आणि ते चिकटलं. कुलसचिवसुद्धा त्यांना आत्या म्हणायचे. त्यांचे यजमान कधी डबा द्यायला आले तर त्यांना अख्खं ऑफिस आतोबा म्हणायचं. आतोबांना ते आवडायचं. आत्यांना आवडायचं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

मला तिथे अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. काम पत्रं लिहायचं.

"काय शिकलीस?" आत्यांनी विचारलं.

"साहित्य. एम.ए."

"पूर्ण?"

"हो."

"मग लिहिता येत असेल. पण उपमा नको. एक जरी दिसली तरी पत्र परत करीन. ही पोरं हजार कोसांवरून आलेली. त्यांना चंद्र कशासारखा दिसतो ते सांगायचं नाहीये. त्यांना कधीपर्यंत यायचं ते सांगायचंय."

काय सांगायचं होतं ते थोडक्यात असं. परदेशातून शिकायला आलेलं मूल वर्गात येईनासं झालं की विद्यापीठानं त्याचं नाव सरकारला कळवायचं असतं. नाव गेलं की राहण्याचा परवाना जातो आणि अठ्ठावीस दिवसांत देश सोडावा लागतो. पण त्याच कायद्यात त्या मुलाच्या बाजूचं एक कलम आहे. नाव कळवण्याआधी लेखी नोटीस द्यायची आणि आपली बाजू मांडायला कामाचे वीस दिवस द्यायचे. वीस दिवस पुरे होईपर्यंत नाव बाहेर जाता कामा नये. पुरे झाले की मात्र ठेवून घेता येत नाही. त्याच संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं.

आता कामाचा दिवस कोणता, हे आमच्याकडे कुणालाच धड सांगता यायचं नाही. परीक्षेआधीची सुट्टी शिकवणाऱ्यांना असते, कारकुनांना नसते. कपाटांच्या मोजदादीला कारकून येतात, पण खिडकी बंद असते. कधी पाणी येत नाही म्हणून दुपारी घरी सोडतात. संगणकाला यातलं काही ठाऊक नसतं. तो शनिवार-रविवार सोडून सगळे दिवस मोजतो.

"त्यानं एकदा घात केला," आत्या संगणकाकडे हनुवटीनं दाखवत म्हणाल्या. "मोजदादीचा दिवस धरला. एका मुलाचं नाव एकोणिसाव्या दिवशी गेलं. मुलगा विसाव्या दिवशी कागद घेऊन आला."

"मग?"

"मग काय. तेव्हा नाव मागे घ्यायची सोय नव्हती. जाताना सायकलची किल्ली इथे ठेवून गेला. म्हणाला, कुणाला तरी द्या."

"कुणाला दिलीत?"

"सायकल सापडलीच नाही," आत्या म्हणाल्या.

तेव्हापासून पिना. खिडकी उघडली तर तो कामाचा दिवस. कामाचा दिवस म्हणजे एक पिन. पाकीट रिकामं झालं म्हणजे मुदत संपली. आत्यांचं म्हणणं होतं की आठवणीवर काम करायचं नाही, अंदाजावर करायचं नाही आणि कुणाच्या चेहऱ्यावर तर मुळीच करायचं नाही. "चेहरा बघून मुदत वाढवायची तर ज्याचा चेहरा वाईट त्यानं काय करायचं?" असं त्या विचारायच्या. 

मी तिथे रुजू होऊन सात महिने झाले होते, तेव्हा स्थापत्य शिकणाऱ्या एका मुलीची फाइल आली. महिनाभर ती वर्गात गेली नव्हती. नोटीस मीच लिहिली. आत्यांनी जावक नोंदवहीत तारीख घातली, पाकिटात वीस पिना मोजल्या आणि मला दाखवून परत मोजल्या.

आठवड्याभरानं मुलगी खिडकीवर आली. उंच, खांद्यावर नकाशांची लांब नळी. आमची भाषा ती जपून जपून बोलायची, ओल्या फरशीवरून चालावं तशी. (ही उपमा आत्यांनी खोडली असती.) बोलताना ती सारखा डावा कान पुढे करत होती. उजव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं होतं. मोठ्या वर्गात काही समजायचं नाही. कुणी हसलं की आपल्यालाच हसताहेत असं वाटायचं. म्हणून तिनं जाणं सोडलं. घरी सांगितलं नव्हतं.

"हे डॉक्टरकडून लिहून आणायचं," आत्या म्हणाल्या. आवाज मोठा केला नाही, फक्त उठून तिच्या डाव्या बाजूला गेल्या. "कधी मिळेल?"

"डॉक्टर बुधवार बोलले. हा नाही. पुढचा पण नाही. त्याच्या पुढचा."

आत्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "तो अठरावा दिवस. चालेल. दोन हातात राहतात. ये."

"नक्की?"

"पोरी, मी नक्की नसलेलं बोलत नाही."

मुलगी गेली. आत्या जागेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बघ, एका कानानं इमारती बांधणार आहे. आपल्याला दोन कान असून कपाट नीट बंद करता येत नाही."

पुढचे दिवस धावपळीचे होते. सरकारची तपासणी येणार होती. तीन वर्षांतून एकदा निरीक्षक येतात, फाइली उघडतात आणि नोटीस कधी गेली, नाव कधी गेलं ते पाहतात. चुकलं की विद्यापीठावर शेरा बसतो. आमच्यावर आधीच दोन होते. तिसरा बसला तर पुढच्या वर्षी परदेशी विद्यार्थी घेता येणार नाहीत, असं साहेब दिवसातून चारदा सांगायचे. ऐंशी फाइली नव्यानं लावायच्या होत्या. मी सकाळपासून कागद, पुठ्ठे, पिना यांच्यातच होते. आत्यांच्या खणात तेव्हा बारा पाकिटं होती.

एका शुक्रवारी सकाळी आत्या खण उघडून नेहमीसारख्या पिना काढत होत्या. डबी वाजत होती. मध्येच थांबली.

"संपल्या?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी पाकीट उलटं केलं. झटकलं. आत बोट घालून पाहिलं. कपाळाला आठी पडली. स्थापत्याच्या मुलीचं पाकीट होतं ते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मला वाटलं होतं की अजून असतील."

त्या थोडा वेळ ते पाकीट हातात धरून बसल्या. मग टेबलाच्या कडेला ठेवलं. दिवसभर ते तिथेच होतं. पावणेपाचला त्यांनी मुलीचं नाव सरकारला पाठवलं.

मी तेव्हा तिथेच होते. बुधवारचं बोलणं मीही ऐकलं होतं. मला आठवलं का नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. आत्यांना आठवलं असावं. पण पाकीट रिकामं होतं, आणि आठवणीवर काम करायचं नाही.

बुधवारी मुलगी आली. एका हातात डॉक्टरांचा कागद, दुसऱ्या हातात फोन. फोनवर सरकारचा निरोप होता. तो तिनं खिडकीच्या काचेला टेकवला.

"हे काय? हे बोलतं, देश सोडा."

आत्यांनी निरोप वाचला. मग कागद वाचला. मग परत निरोप.

"तुम्ही अठरा बोललात," मुलगी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आज अठरा. मी मोजलं. मी रोज मोजलं."

आत्या उठल्या. कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. नोटिशीच्या तारखेपासून एक एक दिवस बोटानं मोजत आल्या. बंद दिवस सोडले. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. बोट त्या दिवसाच्या बुधवारवर येऊन थांबलं. अठरा. म्हणजे शुक्रवारी पंधराच झाले होते.

पाच पिना कमी होत्या.

मला आठवलं ते तेव्हा. तपासणीच्या फाइली लावताना एकदा माझ्या पिना संपल्या होत्या. आत्या जेवायला गेल्या होत्या. मी त्यांचा खण उघडला होता. खाकी पाकिटातून चिमूटभर पिना घेतल्या होत्या. खणात मागच्या बाजूला एक बिननंबराचं पाकीट असायचं, जादा पिनांचं. मी त्यातून घेतल्या की पुढच्या नंबरवाल्यातून? किती घेतल्या? चार? पाच? मला बोटांना लागलेल्या गार पिना आठवत होत्या. पाकिटावर आकडा होता की नाही, ते आठवत नव्हतं. साहेबही त्या खणातून पिना घ्यायचे. झाडणारी बाईसुद्धा एकदा केसाला लावायला घेऊन गेली होती. पण मी घेतल्या होत्या, एवढं खरं.

मुलीला बाकावर बसवून आत्या काचेच्या खोलीत गेल्या. मी पाण्याचा पेला घेऊन मागे गेले. कुणी पाणी मागितलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकलं. खुर्चीत खाली खाली घसरत गेले. "आठ दिवसांवर तपासणी," एवढंच पहिल्यांदा म्हणाले.

"नाव मागे घेता येतं," आत्या म्हणाल्या. "दहा दिवसांच्या आत. चूक कुणाची, कशी, ते लिहून द्यायचं. ज्याची चूक त्याची सही."

"आणि ज्याची सही तो या कामावरून बाहेर. ते कलम वाचलंत ना? शिवाय शेरा. तिसरा." साहेब उठले, दार लावून आले. माझ्याकडे पाहिलं, मी आतच आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तसेच बोलत राहिले. "आत्या, ऐका. जावक नोंदवहीचं ते एकच पान. त्यावर चहा सांडला, पान खराब झालं, म्हणून नव्यानं उतरवून घेतलं. असा शेरा आपण मारतो की नाही? मारतो. नवीन पानावर नोटीस एक आठवडा आधी गेली. वीस दिवस पुरे. फाइल स्वच्छ."

"चहा कुठे सांडलाय?"

"चहा मी सांडतो हो!"

"आणि ती मुलगी?"

साहेबांनी काचेतून बाकाकडे पाहिलं. "ती तशीही वर्गात जात नव्हती," ते म्हणाले. मग स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आल्यासारखे परत खुर्चीत बसले. हळू म्हणाले, "तुमची दोन वर्षं राहिलीत, आत्या. मी तुमच्यासाठी बोलतोय."

मला वाटलं, आत्या आता ताडकन काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते."

मी चक्रावले. उद्या? ज्या बाईनं एका दिवसासाठी इतकी वर्षं पिना मोजल्या, ती उद्या सांगते म्हणते?

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत त्यांच्या घरी गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतोबा खिडकीशी बसले होते. ते बसडेपोत वेळनोंदणीला होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खालून बस गेली की मनगटाकडे बघायचे.

"साडेसहाची सहा मिनिटं उशिरा," ते म्हणाले. "आणि तूही. काय गं, हिला का आणलंस? कपबशा मोजायला?" मग माझ्याकडे वळले. "ही घरात कपबशा मोजते, ठाऊक आहे? मी एकदा एक फोडली, तुकडे बाहेर नेऊन टाकले. संध्याकाळपर्यंत पकडला गेलो."

"चहा टाका," आत्या म्हणाल्या.

चहा झाला. आत्यांनी सगळं सांगितलं. पाच पिना कुठे गेल्या ते सोडून, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी कपाच्या कानाकडे बघत होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची भीती वाटत होती.

"पान बदलतात का हो?" आत्यांनी विचारलं. "तुमच्या डेपोत?"

"बदलतात की. बावीस वर्षांत मी दोनदा खोटी वेळ लिहिली. दोन्ही ड्रायव्हर ओळखीचे. दंड झाला असता." आतोबांनी खाली पाहिलं. बस नव्हती. "त्या दोन गाड्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत. बाकी एकीचाही आठवत नाही."

"तुमचं नका सांगू. मला विचार करू द्या."

"तूच विचारलंस!"

"विचारलं. सांगितलंत. झालं."

 मग आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला दुसरं काही येत नाही गं. खिडकी सोडली तर मी काय करू? गोदामात कागदाचे गठ्ठे मोजू?"

मी म्हटलं, "आत्या, पिना मी घेतल्या असतील."

आतोबांनी कप खाली ठेवला.

"असतील म्हणजे?" आत्या म्हणाल्या. "घेतल्यास की नाही?"

"खणातून घेतल्या. कोणत्या पाकिटातून ते आठवत नाही. जादाच्या असतील. किंवा तिच्या."

"किती?"

"आठवत नाही."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, मायाही नव्हती. फाइल अपुरी आली की त्या जशा बघायच्या तसंच.

"मी लिहून देते," मी म्हटलं. "माझी सही घ्या. माझा करार तीन महिन्यांत संपतोच आहे."

"काय लिहिशील? बहुधा घेतल्या? बहुधावर सरकार नाव मागे घेत नाही. एक म्हणते मी, दुसरी म्हणते बहुधा मी. मग ते चौकशी लावणार. चौकशीत दहा दिवस जाणार, ती मुलगी सामान बांधणार. सही ठाम माणसाची लागते."

"पण तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे की चूक तुमची?"

"ठाऊक नाही," आत्या म्हणाल्या. "ठाम आहे."

मी आतोबांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी मला पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चार ओळी होत्या. नोटीस अमुक तारखेला दिली. मुदत वीस दिवसांची असताना पंधराव्या दिवशी नाव पाठवलं. दिवस मोजण्याचं काम माझं होतं आणि मोजण्यात माझी चूक झाली. विद्यार्थिनीचं नाव मागे घ्यावं. मी "मोजण्याच्या साधनात" असं काहीतरी घालायला बघत होते. त्यांनी ते खोडलं. सही केली, सहीखाली पूर्ण नाव लिहिलं. एवढ्या दिवसांत मी त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच वाचलं. अनोळखी बाईचं वाटलं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "शेरा बसणार," ते म्हणाले. मग खिशातून स्वतःचं पेन काढून शेजारी सही केली आणि स्वतः टपालात टाकून आले. आल्यावर तासभर फोन वाजला तरी दचकले नाहीत.

मुलीला आत्यांनीच सांगितलं. बाकावर तिच्या डाव्या बाजूला बसून. "सामान बांधू नकोस. चूक माझी आहे, मी तसं लिहून दिलंय. तुझे दोन दिवस शिल्लक आहेत. डॉक्टरांचा कागद आजच तुझी बाजू ऐकणाऱ्या समितीला देते."

मुलीनं विचारलं, "तुम्ही का चुकला?"

प्रश्न साधा होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आत्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी सरकारचं उत्तर आलं. नाव मागे घेतलं होतं. मुलीची बाजू विद्यापीठाच्या समितीनं ऐकावी, समितीला पटलं नाही तर पुन्हा नाव पाठवावं. विद्यापीठावर तिसरा शेरा, म्हणजे पुढच्या वर्षी नवे परदेशी विद्यार्थी नाहीत. आणि संबंधित कर्मचाऱ्यास या कामातून तत्काळ मुक्त करावं.

आत्या गेल्या त्या दुपारी. ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या पुस्तकांची बांधणी होते तिथे. निरोपसमारंभ झाला नाही. साहेब भाषण करायला उभे राहिले होते, पण वर जिन्यावर कुणीतरी धावलं आणि त्यांचा शब्द तुटला. आत्यांनी चष्म्याचं घर, पिशवी आणि एक उशी घेतली. खणाची चावी माझ्यासमोर ठेवली.

दोन दिवसांनी निरीक्षक आल्या. तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फाइली पाहिल्या. स्थापत्याच्या मुलीची फाइल उघडून त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

"असं पत्र आम्हाला सहसा येत नाही," त्या म्हणाल्या. "लोक पानंच बदलतात."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"दिवस मोजायला त्या काय वापरायच्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग वर पाहून म्हणाल्या, "कल्पना वाईट नाही. पण पिना कुणी घेतल्या असतील, असं नाही वाटलं कुणाला?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनी पान उलटलं. मी का बोलले नाही, ते मला सांगता येत नाही. आत्यांनी सही केली होती, मुलीचं नाव परत आलं होतं, आता बोलून काय बदललं असतं? की मी नुसती घाबरले? दोन्ही खरं असेल. कुठलं जास्त खरं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. डॉक्टरांचा कागद पाहिला, मुलीशी बोलले, तिच्या शिक्षकांना बोलावलं. तिला वर्गात पुढच्या रांगेतली जागा आणि प्रत्येक तासाची लेखी टिपणं द्यायची असं ठरलं. परवाना कायम. निकालाचं पत्र मीच लिहिलं. राहू शकता, असं त्यात स्पष्ट शब्दांत होतं. मुलगी खिडकीवर येऊन पत्र घेऊन गेली. उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. "त्या बाई?" तिनं रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"दुसरीकडे बदली झाली."

"माझ्यामुळे?"

"नाही," मी म्हटलं.  ती थोडी थांबली, मग वर्गाला उशीर होईल म्हणून गेली.

जेवणाची सुट्टी होताच मी ग्रंथालयाकडे पळाले. तळघराचा जिना अरुंद आहे. खाली खळीचा वास. लांब टेबलावर पाठी सुटलेली पुस्तकं पडली होती आणि आत्या एका पुस्तकाच्या पानांचे जुडगे सारखे करून ठोकत होत्या. अंगावर निळा झगा होता. बांधणीवाले काका दुसऱ्या टोकाला डबा खात होते.

"आत्या!" मला धाप लागली होती. "समितीचा—"

"थांब."

मी थांबले.

"तू खिडकीवरून आलीस ना?"

"हो. समितीनं—"

"थांब म्हटलं ना, अगं! मी आता त्या विभागात नाही. विद्यार्थ्याच्या फाइलमधलं बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. कायदा आहे."

"पण आत्या, तुम्ही बाहेरच्या कशा?"

"झाले ना बाहेरची. सरकारचं पत्र वाचलंस की नाही? मुक्त म्हणजे बाहेर."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "फक्त एक शब्द सांगते. हो किंवा नाही."

"तो एक शब्दसुद्धा फाइलमधलाच." त्यांनी जुडगा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि घाईनं हात वर केला, डोळ्यांवर उजेड आल्यासारखा. "तोंड तिकडे कर."

"काय?"

"तोंड तिकडे कर पोरी. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

बांधणीवाले काका घास हातात धरून आमच्याकडे बघत होते. मी भिंतीकडे वळले. भिंतीवर पाण्याच्या नळांचा एक जुना आराखडा टांगला होता. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. मागे कागद सारखे केल्याचा आवाज आला, मग बंद पडला.

"बरं," आत्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

"नाही."

"मग बस. अशीच बस, तिकडे तोंड करून."

मी स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी मागूनच पोळीची गुंडाळी माझ्या हातात दिली. मी खाल्ली. त्यांना कळलं होतं की नाही, मला विचारता आलं नाही.